कांदेनवमीची लसूण-लादी : प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

सकाळी मामीचा फोन. कांदेनवमी यंदा ४ जुलैला येतेय, शुक्रवार आहे, संध्याकाळी सगळ्यांना गिरगावात बोलवलंय, लहानमोठी धरून चोवीस माणसं होतील. कांदाभजी, थालीपीठं, भरली वांगी आणि झुणका तिच्याकडे, आणि मला म्हणाली तू ते गार्लिक ब्रेड करून आण, पोरं त्याच्यावर तुटून पडतात. मागून आजीचा आवाज आला, "ते कडक तुकडे ना, माझ्या कवळीला नाही जमायचं ते, तुम्ही खा."

हे ऐकून मला कसंतरीच झालं. कारण कांदेनवमी आमच्याकडे खरी असते ती आजीची. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत ती कांदा-लसूण शिवत नाही, लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासापासून आजपर्यंत एकदाही मोडलेलं नाही, आणि लसूण तर तिला इतका आवडतो की एरवी गरम भाकरीवर नुसती लसणाची चटणी आणि तेल दिलं तरी तिचं जेवण होतं. म्हणजे पुढचे चार महिने ज्या माणसाला लसूण मिळणार नाही त्याच माणसाला मी आणलेला लसणाचा ब्रेड खाता येणार नाही, हे काही बरोबर नाही. म्हणून ठरवलं की ब्रेड असा करायचा की आजीला कवळीने खाता आला पाहिजे, चोवीस जणांना पुरला पाहिजे आणि गरम गरम पोचला पाहिजे. हातात तीन आठवडे आहेत, लिहून ठेवते म्हणजे काय चुकलं ते लक्षात राहील.

पहिला प्रयोग आजच केला. ३०० ग्रॅम मैदा, कोमट पाणी, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, साखर, मीठ, आणि हौसेने दहा पाकळ्या कच्चा लसूण ठेचून सरळ पिठातच घातला. लांबट लोफ वळला, वरून बटर आणि बारीक चिरलेला लसूण, ओटीजी म्हणजे आमचा छोटा विजेचा ओव्हन, तो २०० वर. निकाल वाईट. पीठ मळताना आधी छान होत होतं आणि मग जे सैल पडत गेलं ते सावरलंच नाही, हाताला चिकटायला लागलं, फुगलंही कमीच. वरचा लसूण काळा होऊन कडू झाला. आतला ब्रेड दाट. नवऱ्याने दोन तुकडे खाल्ले, लेकाने चीज लावून एक खाल्ला, बाकीचा मी कुरकुरीत भाजून टोस्ट म्हणून डब्यात भरला.

१५ जून, रविवार

काल पीठ का सैल पडलं ते शोधून काढलं. कच्च्या लसणात गंधकाची जी संयुगं असतात ती मैद्यातल्या ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचे, दुवे तोडतात, शिवाय लसूण मुळात जंतूंना मारणारा म्हणून यीस्टलाही तो मानवत नाही. म्हणजे कच्चा लसूण पिठात घालायचाच नाही. भाजलेला लसूण खूप सौम्य असतो, तो चालतो.

दुसरं म्हणजे कोमट पाणी. प्रत्येक रेसिपीत लिहिलेलं असतं की पाणी कोमट घ्या आणि पीठ उबदार जागी ठेवा. ज्यांच्याकडे थंडी असते त्यांच्यासाठी ते ठीक आहे, पण आमच्या गोरेगावच्या किचनमध्ये काल दुपारी ३१ अंश होतं आणि पाऊस तर यंदा २६ मेलाच येऊन बसलाय, हवा नुसती ओली. मळून झाल्यावर पिठात थर्मामीटर खुपसला तर ३३. अशा पिठाला यीस्ट नुसतं पळत सुटतं, पाऊण तासात दुप्पट होतं, पण चव येत नाही आणि आंबट दारूसारखा वास मारतो. इथे पाणी फ्रीजमधलं गार घ्यायचं आणि यीस्ट कमी. लिहून ठेवलं.

१८ जून, बुधवार

आज सकाळी गोष्ट अगदी साधी घडली. पाववाला सायकलवरून आला, मी नेहमीसारखी एक लादी घेतली, लेकाच्या डब्यासाठी दोन पाव तोडले, आणि तोडताना हातच थांबला. हाच की तो ब्रेड! वाटून खायचा ब्रेड म्हणून मी परदेशी फोटो बघत बसले होते आणि रोज सकाळी दारात लादी येतेय. गोळे एकमेकांना खेटून लावलेले, भट्टीत फुगताना ते एकमेकांना चिकटतात, त्यामुळे बाजूला कवच धरतच नाही, फक्त वर आणि खाली धरतं, बाजू पांढऱ्या आणि कापसासारख्या राहतात. सुरी लागत नाही, हाताने तुटतो. कवळीवाल्या माणसाला यापेक्षा चांगला ब्रेड कुठला? आजी तर अख्खं आयुष्य लादीचा पाव चहात बुडवून खात आलीय.

पाव हा शब्द पोर्तुगीजांचा, त्यांच्याबरोबर तो पदार्थ आपल्याकडे आला आणि मुंबईने तो असा काही आपलासा केला की आता तो वड्याशिवाय आठवतच नाही. तर लसणाची लादी करायची. गोळे वळायचे, गोल डब्यात खेटून लावायचे, मध्ये बटर.

ऑफिस सुटल्यावर क्रॉफर्ड मार्केटला गेले. तिथल्या बेकिंगच्या सामानाच्या दुकानातून दहा इंची आणि तीन इंच उंच असे ॲल्युमिनियमचे चार गोल डबे, यीस्टचं नवं पाकीट आणि ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर घेतला. दुकानदार म्हणाला यीस्ट उघडल्यावर हवाबंद बरणीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, पावसात बाहेर राहिलं की महिन्याभरात मरतं. माझं जुनं पाकीट ओट्यावरच्या डब्यात होतं, क्लिप लावून, म्हणजे पहिल्या प्रयोगात त्याचाही हात असणार.

येताना दादरला उतरून लसूण. दोन प्रकारचा घेतला. मोठ्या पाकळ्यांचा पांढरा, तो भाजायला बरा, सोलायला सोपा आणि भाजल्यावर लोण्यासारखा होतो. आणि गावरान, बारीक पाकळ्यांचा, जांभळट सालीचा, तो कच्चा वापरायला, कारण त्याचा झणका वेगळाच. गावरान गड्डी भाजून बघितली होती मी मागे कधीतरी, पाकळ्या इतक्या लहान की आत सुकून जातात.

२१ जून, शनिवार

दुसरा प्रयोग. आधी ओव्हन तपासला, थर्मामीटर आत ठेवून काटा १८० वर लावला तर आत २०५. बरं झालं बघितलं. आता माझ्या ओटीजीवर १६० म्हणजे खरे १८०, दारावर चिकटपट्टी लावून पेनने लिहून टाकलं.

मऊपणासाठी खळ केली. जपानमध्ये ब्रेड मऊ राहावा म्हणून थोडं पीठ आधी पाण्यात शिजवून घालतात, तीच पद्धत, आपण पतंगाला कागद चिकटवायला जी खळ शिजवायचो तसंच दिसतं. १५ ग्रॅम मैदा, ७५ मिली दूध, मंद आचेवर ढवळत राहायचं, ६५ अंशाच्या आसपास ते एकदम घट्ट होतं आणि चमच्याची रेघ तळाला राहायला लागते, की बंद. स्टार्च फुगून पाणी धरून ठेवतो म्हणून ब्रेड दुसऱ्या दिवशीही कोरडा पडत नाही. खळ पूर्ण गार करून मगच पिठात.

एका डब्याचं माप आता असं : मैदा ३०० ग्रॅम खळीतला धरून, दूध आणि पाणी मिळून १९५ मिली खळीतलं धरून, साखर १८, मीठ ५ कारण अमूल बटर खारटच असतं, बटर ३० आणि यीस्ट अडीच ग्रॅम. सगळं मिळून साडेपाचशे ग्रॅमचं पीठ होतं.

मळण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळा खेळ तिथेच आहे. मशीन नाही माझ्याकडे. आधी बटर सोडून सगळं एकत्र करून वीस मिनिटं नुसतं झाकून ठेवलं, मग पुरणपोळीची कणीक तिंबतो तसं तिंबलं, म्हणजे दाबायचं कमी आणि ताणून आपटायचं जास्त. पहिली पाच मिनिटं ते फाटतं, चिकटतं, वाटतं अजून मैदा घालावा, पण घालायचा नाही. मग बटर थोडं थोडं करून. बटर घातल्यावर परत सगळं विस्कटतं, हाताला लोण्याचा राडा होतो, आणि आणखी सात-आठ मिनिटांनी ते एकाएकी जमून येतं, परात स्वच्छ होते आणि पीठ कानाच्या पाळीसारखं लागतं. एक छोटा गोळा घेऊन बोटांवर ताणला, खिडकीसमोर धरला, पलीकडच्या बिल्डिंगचे दिवे त्या पडद्यातून अंधुक दिसत होते. फाटला नाही. तेव्हा थांबले.

पाण्याऐवजी फ्रीजमधलं दूध वापरलं होतं म्हणून मळून झाल्यावर पीठ २७ वर होतं. सव्वा तासात दुप्पट. एकोणीस गोळे, प्रत्येकी २९ ग्रॅम, मध्ये एक, त्याभोवती सहा, त्याभोवती बारा, असे बरोब्बर बसतात दहा इंचात. सुरुवातीला दोन गोळ्यांमध्ये बोटभर जागा होती, चाळीस मिनिटांनी ती भरली.

भाजून आल्यावर दिसायला इतकं देखणं की लेकाने आधी फोटो काढला. कडेचे बारा गोळे उत्तम, मधल्या सहांतले चांगले, आणि अगदी मधला कच्चा, आत चिकट पीठ. बाहेरून कळतच नव्हतं.

२२ जून, रविवार

मधल्या गोळ्याचं काय करावं यावर नवरा म्हणाला तो काढूनच टाक ना, तिथे वाटी ठेव. मला हे इतकं आवडलं! मध्ये रिकामी जागा असली की तिथूनही गरम हवा शिरते, सगळ्या गोळ्यांना दोन बाजूंनी धग मिळते, आणि वाढताना त्याच जागी वाटीत लसूण-बटर ठेवायचं, ज्याला हवं त्याने बुडवावं. शिवाय अठरा गोळे गुणिले चार डबे म्हणजे बहात्तर, चोवीस माणसांना प्रत्येकी तीन, हिशोबही तंतोतंत बसला. भाजताना मध्ये छोटी रिकामी स्टीलची वाटी उलटी ठेवायची, तिला बाहेरून तूप लावून, नाहीतर गोळे ती जागा खाऊन टाकतात.

२६ जून, गुरुवार

आज फक्त लसूण.

भाजलेला : मोठी गड्डी, वरचा शेंडा कापून, तेल घालून, फॉइलमध्ये गुंडाळून १८० वर चाळीस मिनिटं. गार झाल्यावर खालून दाबलं की पाकळ्या आपोआप बाहेर येतात, बदामी रंगाच्या, गोडसर, चमच्याने पेस्ट होते. पण नुसता भाजलेला लसूण घातला तर ब्रेड गोड-गोड लागतो, लसणाचा तो ठसका हरवतो. कारण ठसका ज्याच्यामुळे येतो ते ॲलिसिन अख्ख्या पाकळीत नसतंच, पाकळी चिरली किंवा ठेचली की आतली दोन द्रव्यं एकत्र येऊन ते तयार होतं, आणि अख्खी गड्डी भाजली की ते घडवणारं एन्झाइम आधीच मरून जातं. म्हणून दोन्ही हवेत. भाजलेला आतमध्ये, आणि कच्चा खलबत्त्यात ठेचून, दहा मिनिटं तसाच ठेवून, मऊ बटरमध्ये कालवून, ब्रेड ओव्हनमधून बाहेर आल्या-आल्या वरून. गरम ब्रेडवर तो किंचित शिजतो, करपत नाही, आणि वास असा सुटतो की आज शेजारच्या काकू दार वाजवून विचारायला आल्या.

एका डब्याला बटर १०० ग्रॅम, भाजलेल्या दोन गड्ड्या, कच्च्या गावरान पाकळ्या आठ-दहा, मूठभर कोथिंबीर. पार्सली आणून बघितली होती, मला ती गवतासारखी लागते, कोथिंबीरच बरी, पण ती धुऊन पंख्याखाली अगदी कोरडी करायची, पाणी राहिलं की बटर फाटतं.

मामीने सुचवलं की आठवडाभर आधीच लसूण सोलून-ठेचून तेलात घालून बरणी ओट्यावर ठेव, ऐनवेळी घाई नको. तिला फोन करून नको म्हणून सांगितलं, नीट समजावलं. लसूण जमिनीखालचा, त्याच्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, तेलाखाली हवा मिळत नाही आणि तेच त्यांना हवं असतं, बाहेरच्या उष्णतेत ते विष तयार करतात, आणि त्याला ना वास ना चव. तेलातला कच्चा लसूण फ्रीजमध्ये ठेवला तरी दोन-चार दिवसांच्या वर नाही, नाहीतर सरळ फ्रीझर. चोवीस माणसं, त्यात तीन सत्तरीच्या पुढची आणि दोन पाच वर्षांखालची, इथे मी कुणाचंच ऐकणार नाही. बटर बुधवारी रात्री करायचं.

२८ जून, शनिवार

तिसरा प्रयोग, यावेळी दुसरी चव. आजीची सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी, वडापाववाली, ती आत भरून. पुरणाचा उंडा भरतो तसा गोळ्यात अर्धा चमचा चटणी भरून चिमटून बंद केला. तीन गोळे फुटले कारण चटणीचं तेल चिमटीला लागलं की पीठ पिठाला चिकटत नाही. उपाय : चटणी भरताना कोरडा चमचा, चिमूट बंद करून पुन्हा एकदा पिळायची आणि तोंड खाली करून ठेवायचं. दोन डबे बटरचे, दोन चटणीचे असं ठरलं. अंडं कुठेच नाही, वरून फक्त दूध, घरात शाकाहारी माणसं बरीच आहेत.

रात्री फ्रीजचाही प्रयोग केला. गोळे डब्यात लावून, झाकून, बारा तास फ्रीजमध्ये. सकाळी काढून तासभर बाहेर ठेवले आणि भाजले. चव कितीतरी जास्त चांगली, हळू आंबल्यामुळे. हे मला फार महत्त्वाचं सापडलं, कारण शुक्रवारी दिवसभर मळत बसायची गरजच नाही.

२९ जून, रविवार

मोठा प्रश्न राहिला होता की भाजायचं कुठे. गोरेगावला भाजून नेलं तर पावसात लोकलने चर्नी रोडपर्यंत जाईस्तोवर ते गार आणि सर्द होणार. आजीकडे ओव्हन नाही. माझा ओटीजी एका वेळी एकच डबा घेतो.

आज गिरगावात गेले तेव्हा आजीनेच सोडवलं. म्हणाली, "अगं दिवाळीत आम्ही नानकटाई कुठे भाजायचो? बेकरीत. डबे भरून न्यायचो, चिठ्ठी लावून, नावाची. विचार ना त्यांना." आजी चाळीचे दोन मजले उतरत नाही आता, पण आज उतरली माझ्याबरोबर, हात धरून, छत्री मी धरली. गल्लीच्या टोकाची बेकरी, आजी तिथे पन्नास वर्षं पाव घेते. काउंटरवरच्या चाचांनी तिला बघून स्टूल पुढे केलं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले पाच वाजता आणा, दुपारचा माल निघालेला असतो, भट्टीत धग असते पण जाळ नसतो, अशावेळी तुमचं काम होईल. पैसे विचारले तर आजीकडे बघून नुसती मान हलवली.

त्यांची भट्टी अजून लाकडाची आहे. जानेवारीत हायकोर्टाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जायला सांगितलं, हवा इतकी खराब झालीय शहराची, त्यामुळे यांचंही आता बदलायचं काम चाललंय. मागच्या बाजूला नवीन गॅसच्या ओव्हनसाठी जागा मोकळी करून ठेवलेली दिसली. धुराचा त्रास मलाही आहे, लेकाला दमा आहे, त्यामुळे निर्णय योग्यच वाटतो, पण ती आतून काळी झालेली कमान आणि विटांची उब बघून मी तिथे जरा वेळ उभीच राहिले.

२ जुलै, बुधवार

रात्री नऊ ते साडेअकरा लसूण. आठ मोठ्या गड्ड्या भाजल्या, दोन खेपांत. गावरान पाकळ्या चाळीस, कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवल्या की साल सुटते. नवऱ्याने सोलल्या, लेकाने कोथिंबीर निवडली. बटर ४०० ग्रॅम कालवून दोन डब्यांत, फ्रीजमध्ये. फ्रीजभर वास, दूध झाकूनही त्याला लागला, सकाळचा चहा कसा होतो बघू.

३ जुलै, गुरुवार

ऑफिसमधून लवकर निघाले. १२०० ग्रॅम मैदा एकदम नाही मळला, हाताने ते शक्यच नाही, सहाशे-सहाशेच्या दोन खेपा. दुसरी खेप चालू असताना पहिली फ्रीजमध्ये, नाहीतर दोघांची वेळ चुकते. फ्रीजमधलं दूध, वर बर्फाचे चार तुकडे घातलेलं पाणी, तरी दुसऱ्या खेपेचं पीठ २८ वर गेलं, हातांचीच उष्णता. यीस्ट डब्यामागे दोन ग्रॅमवर आणलं कारण रात्रभर राहायचंय.

बहात्तर गोळे वजनकाट्यावर. तिसाच्या मागेपुढे एक-दोन ग्रॅम चालतं पण त्याच्या वर नाही, लहानमोठे झाले की लहान करपतात आणि मोठे कच्चे राहतात. बटरच्या डब्यांत भाजलेल्या लसणाची पेस्ट गोळ्यांच्या मध्ये लावली, वरती नाही. साडेदहाला चारही डबे फ्रीजमध्ये. त्यासाठी खालचा कप्पा काढून भाजी बाहेर ठेवावी लागली.

४ जुलै, शुक्रवार. कांदेनवमी

सुट्टी टाकली होती. मोठ्या कूलर बॅगमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या, त्यावर डबे एकावर एक, मध्ये स्टीलच्या ताटल्या. दुपारी एक वाजताची बोरिवलीहून येणारी स्लो घेतली, लेडीज डब्यात त्यावेळी उभं राहायला जागा असते. बॅग मांडीवर. समोरच्या बाईने विचारलं केक का, म्हटलं नाही, पाव, लसणाचा, कांदेनवमीला. तर तिने तिच्या घरी काय काय केलंय ते दादरपर्यंत सांगितलं आणि मला चटणीत तीळ भाजून घालायला सांगितलं, पुढच्या वेळी घालून बघणार.

सव्वातीनला आजीकडे. डबे उघडले तर गोळे गार होते, किंचित फुगलेले. गॅलरीकडच्या टेबलावर ओल्या पंचाखाली ठेवले. तासभर काहीच हललं नाही, मी तीनदा जाऊन बघितलं, मग साडेचारनंतर भराभर. पीठ झालं का ते बोटाने कळतं, गोळ्याच्या कडेला हलकेच दाबायचं, खड्डा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे, हळूहळू अर्धाच भरला तर झालं, भरलाच नाही तर उशीर झाला. पाचला दहा कमी असताना अर्धा भरला. वरून दूध लावलं, मी दोन डबे, नवरा दोन, लेकाच्या हातात छत्री.

भट्टीत चाचांनी आधी मूठभर पीठ आत फरशीवर टाकलं, किती वेळात तांबूस होतं ते बघितलं आणि म्हणाले, "अभी तेज है, पाँच मिनिट रुको." माझ्याकडे थर्मामीटर होता, पण मी तो पर्समधून काढला नाही, त्यांच्या हाताला कळत होतं. मग लांब दांड्याच्या फळीवरून दोन डबे आत. सहा मिनिटांत वरून रंग आला, माझ्या ओटीजीत त्याला पंधरा लागतात, मी घाबरले. त्यांनी डबे तोंडाशी ओढले, वर रिकामा पत्रा पालथा घातला आणि पुन्हा ढकलले. चौदाव्या मिनिटाला बाहेर. मधल्या बाजूच्या गोळ्यात आता मात्र थर्मामीटर खुपसला, ९४. झालं. दुसरे दोन डबे त्यानंतर. एक चटणीचा डबा फरशीच्या जास्त गरम भागावर गेला होता, त्याचे तीन गोळे खालून काळे निघाले. भट्टी अशीच असते, एका जागी जास्त एका जागी कमी, मीच डब्याखाली दुसरा पत्रा द्या म्हणून सांगायला हवं होतं.

तिथेच काउंटरवर लसूण-बटर लावलं. गरम कवचावर बटर पडल्यावर चर्र असा बारीक आवाज येतो आणि ते गोळ्यांच्या फटींतून खाली उतरतं. पाव घ्यायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. एक गोळा चाचांना दिला, त्यांनी तो आधी तोडून आतली जाळी बघितली, दाबून परत वर येतोय का ते बघितलं, मग खाल्ला. "बटर ज्यादा है, पर पाव अच्छा बना है." मला हे फार मोठं वाटलं.

साडेपाचला डबे सतरंजीच्या मधोमध. वाटीत बटर ओतलं. भज्यांचा घाणा तेव्हाच निघत होता. कुणाला प्लेट द्यायची वेळच आली नाही, सगळे खाली वाकून हाताने तोडायला लागले. आजीसाठी मी आधीच मधला, वाटीला लागून असलेला गोळा हेरून ठेवला होता, सगळ्यात मऊ. तिने तो मला तोडू दिला नाही. स्वतः अंगठ्याने शेजारच्यापासून सोडवला, सुटताना पांढरे धागे ताणले गेले आणि वाफ तिच्या चष्म्यावर बसली. चष्मा काढून पदराने पुसला, तसाच खाली ठेवला, आणि चष्म्याशिवाय खाल्ला. एक, मग दुसरा, बटरमध्ये बुडवून. तिसरा चटणीचा. मग मला म्हणाली, "लसूण दोन प्रकारचा आहे ना यात? एक गोड लागतोय, एक वरचा आहे." तीन आठवड्यांच्या खटपटीत हे कुणालाही सांगितलं नव्हतं मी.

एक चाचांना दिला आणि तीन करपले म्हणून चार कमी पडले, ते मी आणि नवऱ्याने सोडले. करपलेल्यांचा वरचा भाग लेकाने खाल्ला. सव्वासहाला चारही डबे रिकामे, फक्त एक गोळा आजीने डबीत घालून ठेवला, उद्या दशमी आहे म्हणाली, उद्या चालतो.

५ जुलै, शनिवार

आजीचा फोन. सकाळच्या चहाबरोबर तो गोळा तव्यावर, पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून गरम केला. कालच्यासारखाच मऊ होता. खळीचं काम झालं म्हणायचं. मामी म्हणाली शेवटचा घास आजीने बराच वेळ चघळला.

पुढच्या वेळेसाठी : डब्याखाली पत्रा, चटणीत तीळ, चाचांसाठी चार गोळे जास्तीचे धरायचे, बटर डब्यामागे ८० ग्रॅम बास.

६ जुलै, रविवार. आषाढी

आज आजीकडे लसणाचा खलबत्ता धुऊन, वाळवून माळ्यावर गेला. उरलेलं ६० ग्रॅम लसूण-बटर मी तारीख घालून फ्रीझरमध्ये टाकलं.

संध्याकाळी परत आजीचा फोन. विठ्ठलाचं दर्शन टीव्हीवर झालं, साबुदाणा झाला, आणि मग हळूच विचारलं की लसणाशिवाय ती लादी होते का. म्हटलं होते की, सांग काय घालू. तिने विचार करूनच ठेवला होता : जिरं भाजून जाडसर कुटलेलं, मिरी, ओलं खोबरं, आणि बटरऐवजी घरचं तूप. तूप घातलं तर मीठ वाढवावं लागेल, ३०० ग्रॅमला ६ करून बघते. मैदा उद्या आणायचा आहे, शनिवारी पहिला डबा.